विली चिरीनो: निर्वासित क्युबन साल्सा गीतकाराची कारकीर्द (काय ऐकायचं, कसं ऐकायचं)

तबकडी (धागाकर्ता)

साल्सा म्हटलं की चर्चा क्युबन गायिका सेलिया क्रूझपासून सुरू होते आणि फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमध्ये येऊन थांबते. मायामी कायम राहून जातं. म्हणून हा धागा फक्त विली चिरीनोवर काढतोय. तो गायक आहे, पण त्याआधी गीतकार-संगीतकार आहे, आणि त्याची कारकीर्द निर्वासितपणापासून वेगळी काढताच येत नाही.

जन्म ५ एप्रिल १९४७, क्युबाच्या पश्चिम टोकाकडल्या पिनार देल रिओ प्रांतात, कोन्सोलासिओन देल सुर या गावी. १९६१ साली, चौदाव्या वर्षी, तो 'पेड्रो पान' मोहिमेतून अमेरिकेत आला. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांवर क्युबन मुलं आईवडिलांशिवाय मायामीला पाठवली गेली. तिकडची व्यवस्था ब्रायन वॉल्श या कॅथलिक धर्मगुरूंनी पाहिली. ज्यांचे नातेवाईक होते ती मुलं त्यांच्याकडे गेली, बाकीच्यांना केन्डल, फ्लोरिडा सिटी, माताकुंबे अशा छावण्यांत ठेवून पुढे वेगवेगळ्या राज्यांत पाठवलं. चिरीनोची पत्नी लिसेट आल्वारेझ हीसुद्धा याच मोहिमेतून आलेली. ती स्वतः नामवंत गायिका, आणि 'ओल्गा इ तोनी' या क्युबात घरोघरी ठाऊक असलेल्या गायक जोडप्याची मुलगी.

चिरीनोची सुरुवात ड्रमवर झाली. हे ध्यानात ठेवा, त्याच्या चालींचं बरंचसं गणित तिथून सुटतं. पहिला अल्बम १९७४ चा, 'वन मॅन अलोन', नाव इंग्रजी. १९९१ च्या 'ऑक्सिहेनो' अल्बममधलं 'नुएस्त्रो दिया (या व्हिएने येगांदो)' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. 'सोन देल आल्मा' या २००५ च्या अल्बमला २००६ मध्ये साल्सा-मेरेंगे विभागातलं ग्रॅमी मिळालं. २०१४ मध्ये लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीनं जीवनगौरव दिला.

माझं म्हणणं एवढंच की त्याला एका राष्ट्रगीतासारख्या गाण्याचा माणूस समजलं जातं आणि त्यात त्याची खरी कारागिरी झाकली जाते. जाणकारांनी भर घालावी.

मोन्तुनो_पुणे

धागा काढलात हे फार बरं केलंत. एक मुद्दा आधीच मांडतो. फानियाच्या फूटपट्टीनं मोजलं तर चिरीनोची बरीच गाणी 'साल्सा' ठरणार नाहीत, आणि पुष्कळजण तिथेच त्याला सोडून देतात.

फानिया ही जॉनी पाचेको आणि जेरी मासुच्ची यांची १९६४ ची कंपनी. तिचा आवाज मुख्यतः न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांतून घडला. ट्रॉम्बोनचा खरखरीत आवाज, ड्रमसेटला जवळपास जागाच नाही, तालाची सगळी भिस्त कोंगा, बोंगो (दोन्ही हातानं वाजवायचे ढोल) आणि तिंबालेस (काठ्यांनी वाजवायची धातूच्या ढोलांची जोडी) यांच्यावर. मायामीत श्रोता वेगळा होता. १९५९ ते १९६२ या काळात दोन लाखांहून जास्त क्युबन आले, १९६५ ते १९७३ दरम्यानच्या 'स्वातंत्र्य उड्डाणां'तून आणखी अडीच लाखांवर. त्यांच्यातली जी मुलं इथे वाढली ती घरी सोन आणि बोलेरो हे जुने क्युबन गानप्रकार ऐकत होती, शाळेत बीटल्स. लग्नांत आणि पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभांत वाजवणाऱ्या बँडला दोन्ही यावं लागे. एका टेबलावर आजी बसलेली असायची आणि दुसऱ्यावर नात.

त्या गरजेतून 'मायामी साउंड' आला. त्यात ड्रमसेट आहे, इलेक्ट्रिक बास आहे, पुढे सिंथेसायझरही आला, आणि या सगळ्याच्या खाली क्युबन तालवाद्यं. कार्लोस ओलिव्हाचा 'लोस सोब्रिनोस देल हुएस', हान्सेल आणि राउल, ग्लोरिया व एमिलिओ एस्तेफान यांचा 'मायामी साउंड मशीन' ही सगळी त्याच प्रवाहातली मंडळी. २०११ मध्ये चिरीनोनं बीटल्सच्या गाण्यांचा कॅरिबियन बांधणीतला 'माय बीटल्स हार्ट' काढला तेव्हा काहींना तो लहरीपणा वाटला. मला तो त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा वाटतो, फक्त छापला उशिरा.

मृण्मयी_क

'मोन्तुनो' (गाण्याच्या उत्तरार्धातला, समूह आणि गायक यांच्या सवाल-जवाबाचा भाग) सुरू झाला हे नवख्या कानाला कसं कळतं? आणि क्लावे (सगळा ताल ज्यावर बसतो तो पाच आघातांचा साचा) ऐकूच येत नसेल तर ती शोधायची कुठे?

सोळामात्रा

मृण्मयी, आधी क्लावे. दोन मापं घ्या, प्रत्येकी चार ठोक्यांची. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की १६ खाने होतात. ३-२ सोन क्लावेत आघात १, ४, ७, ११ आणि १३ या खान्यांवर. पहिल्या मापात तीन, दुसऱ्यात दोन. २-३ असेल तर तेच उलट, म्हणजे ३, ५, ९, १२, १५. रुम्बा क्लावेत (३-२ मध्ये) फक्त सातव्या खान्यावरचा आघात आठव्यावर सरकतो, पण तेवढ्यानं सगळी चाल बदलते.

आपल्या तीनतालातही १६ मात्रा आहेत, पण तुलना तिथेच सोडा. तीनतालात सम हे येऊन टेकण्याचं ठिकाण आहे. क्लावेत ओढाताण असलेली बाजू आणि सुटी बाजू अशी जोडी आहे, आणि पहिल्या ठोक्यावर उतरणं हे उलट टाळायचं असतं. बास ऐका. तो प्रत्येक मापाच्या खाना ४ आणि ७ वर वाजतो, आणि सातव्यावरचा स्वर पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्यावरून तसाच लांबत जातो. शिवाय तो स्वर पुढच्या मापाच्या कॉर्डचा असतो. रॉकमधून आलेले बासवादक इथेच अडकतात. हात सवयीनं १ वर पडतो आणि सगळा डोलारा जड होतो.

क्लावेच्या काठ्या पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये वाजतच नाहीत. ती कोऱ्यात (समूहगानाच्या ओळीत) आणि पियानोच्या फिरत्या आकृतीत दडलेली असते. कोऱ्याची ओळ तोंडानं म्हणत वरचे दोन्ही साचे टाळीनं लावून बघा. एक साचा अलगद बसेल, दुसरा प्रत्येक ठिकाणी अडेल.

मोन्तुनो ओळखायला घंटा ऐका. कडव्यात बोंगोवाला बोंगोच वाजवतो आणि तिंबालेसवाला पिंपाच्या पत्र्यावर 'कास्कारा' धरतो. मोन्तुनो लागला की बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून हातातली मोठी घंटा घेतो, तिंबालेसवाला स्टँडवरच्या घंटेवर जातो. आवाज एकदम उघडतो. तिथून पुढे कोरो एक ठरलेली ओळ म्हणत राहतो आणि गायक मधल्या जागेत उत्स्फूर्त ओळी टाकतो. मग ब्रासचा 'माम्बो' तुकडा, पुन्हा कोरो, आणि शेवट.

अनुप्रास

'नुएस्त्रो दिया'च्या शब्दरचनेवर लिहितो, कारण गीतकार म्हणून त्याला याच ठिकाणी नीट पारखता येतं.

सुरुवातीचं कथन अकरा अक्षरी ओळींत आहे, यमक एकाआड एक. स्पॅनिशमध्ये शेजारी आलेल्या दोन शब्दांचे स्वर मोजताना एकत्र धरतात, त्यामुळे वाचताना ओळ लांब वाटली तरी गाताना बरोबर अकरात बसते. पहिली ओळ 'आन्तिया'वर संपते, तिसरी 'मियास'वर. कागदावर हे पूर्ण यमक नाही, शेवटी एक 'स' जास्त आहे. पण क्युबन उच्चारात शब्दाच्या शेवटचा 'स' जवळजवळ विरून जातो, त्यामुळे कानाला यमक पक्कं जुळतं. माद्रिदच्या उच्चारात गायलं तर ते उसवेल. हा माणूस कोणासाठी लिहीत होता ते या एका 'स'वरून कळतं.

दुसरी गोष्ट. गाण्यातला मुलगा सांगतो की वडिलांनी मला खलाशाचे कपडे घातले आणि मी नव्वद मैल समुद्र ओलांडून परका होऊन आलो. पेड्रो पानची मुलं मात्र बहुतेक नेहमीच्या प्रवासी विमानांनी आली. म्हणजे हा 'मी' एकट्या चिरीनोचा नाही. होडीतून आलेले, विमानातून आलेले, १९८० साली मारिएल बंदरातून आलेले सव्वा लाख लोक, सगळ्यांना त्या 'मी'त शिरायला जागा ठेवलेली आहे. पुढे पेटीत काय आणलं त्याची यादी येते: एक गुंजन पक्षी, क्युबाचा राष्ट्रकवी होसे मार्तीचं पुस्तक, एक स्वप्न आणि एक दान्सोन (जुनं क्युबन नृत्यसंगीत). चारांतली एकच वस्तू खरोखर पेटीत मावणारी आहे.

शेवटी मुक्त झालेल्या देशांची नावं घोषणेसारखी येतात आणि अखेरीस क्युबाचं. १९९१ मध्ये ऐकणाऱ्याच्या मनात बर्लिनची भिंत (नोव्हेंबर १९८९) आणि निकाराग्वाची निवडणूक (फेब्रुवारी १९९०) ताजी होती. 'आपला दिवस येतोच आहे' हे तेव्हा हिशेबानं खरं वाटत होतं. आज ते गाणं वेगळं ऐकू येतं, पण लिहिणाऱ्यानं त्या वर्षीची खात्री जशीच्या तशी पकडून ठेवली आहे.

तबकडी

अनुप्रास, यमकाचा मुद्दा सुरेख. त्यात भर: या गाण्याची बांधणीही त्याच क्रमानं जाते. कथन शांत, तालवाद्यं मागे. वैयक्तिक हकिगत संपून सामूहिक आशा सुरू होते तिथे मोन्तुनो लागतो, म्हणजे कोरो आत येतो. एकटा माणूस बोलत होता, त्याला आता अनेकजण उत्तर देतात. कोरो-गायक रचनेचा इतका अर्थपूर्ण वापर फार थोड्या गीतकारांनी केलाय.

क्युबात हे सरकारी रेडिओवर वाजणं शक्यच नव्हतं. मायामीचं संगीत बेटावर पोचायचं ते एक तर १९८५ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ मार्ती या अमेरिकन सरकारच्या केंद्रावरून (त्याच्या लहरी अडवल्या जायच्या) किंवा कॅसेटवरून कॅसेट भरत.

घाटमाथा

थोडा वेगळा सूर लावतो. चिरीनोच्या राजकीय गाण्यांमुळेच तो मायामीबाहेर अडकला असं मला वाटतं. १९९७ मध्ये 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब' हा अल्बम आला आणि युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्याला क्युबन संगीत म्हणजे हवानातले वृद्ध कलावंत आणि जुने स्टुडिओ असं चित्र मिळालं. मायामीचा ड्रमसेट आणि कीबोर्ड त्या चित्रात बसत नव्हता, आणि निर्वासिताचा राग तर नाहीच नाही.

मोन्तुनो_पुणे

घाटमाथा, चित्राबद्दल सहमत, कारणाबद्दल नाही. बाजाराची घडण पाहायला हवी. क्युबन रेकॉर्डवर अमेरिकेत आर्थिक निर्बंध होते, ते १९८८ च्या बर्मन दुरुस्तीनं ध्वनिमुद्रणं आणि पुस्तकांपुरते उठले. म्हणजे नव्वदच्या दशकात बेटावरचं संगीत अमेरिकन दुकानांत कायदेशीरपणे येऊ लागलं आणि निर्वासित संगीतकारांना प्रथमच थेट स्पर्धा आली. त्याच वेळी मायामी-डेड परगण्यात १९९६ पासून असा नियम होता की क्युबाशी व्यवहार करणाऱ्या संस्थांना परगण्याचा पैसा किंवा सभागृह मिळणार नाही. तो २००० मध्ये न्यायालयात टिकला नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये क्युबातल्या लोस व्हान व्हान या बँडचा मायामीत कार्यक्रम झाला तेव्हा बाहेर हजारो निदर्शक होते.

या खेचाखेचीत दोन्ही बाजूंचे संगीतकार भरडले. आणि चिरीनोची विनाराजकीय गाणी बाहेर गेलीच की. 'सोय' घ्या, त्याचं सुरुवातीच्या काळातलं गाणं. जिप्सी किंग्ज या फ्रेंच गटानं ते १९८९ च्या 'मोझाइक' अल्बमवर गायलं आणि जगभर पोचवलं. त्यात एक ओळ आहे की मी किनाऱ्यावर पसरलेली वाळू आहे, समुद्राच्या अधिक जवळ असलेल्या दुसऱ्या वाळूचा हेवा करणारी. क्युबाचं नाव नाही, राजकारण नाही. तरी हे ज्यानं समुद्र ओलांडलाय त्यानंच लिहावं असं आहे. ऐकणाऱ्या लाखो लोकांना लेखक कोण ते माहीत नाही, हे मात्र मला खरंच खुपतं.

घाटमाथा

'सोय'चा मुद्दा मान्य. पण मग सेलिया क्रूझचं काय? तिनंही तितकीच ठाम भूमिका घेतली, १९६० मध्ये बाहेर पडली, १९६२ मध्ये आईच्या अंत्यविधीलाही तिला परत जाऊ दिलं नाही, आणि तरी ती जगाची झाली.

मोन्तुनो_पुणे

तिला पाचेकोसारखा बँड, फानियाचं वितरण आणि न्यूयॉर्कचा श्रोता मिळाला. 'सेलिया आणि जॉनी' १९७४ चा, म्हणजे चिरीनोचा पहिला अल्बम आला त्याच वर्षीचा. शिवाय ती इतरांची गाणी गायची, त्यामुळे कोणत्याही काळाचा उत्तम गीतकार तिच्यासाठी उपलब्ध होता. चिरीनो मुख्यतः स्वतःचं गातो. दोघांची गाठ पडते ती १९९४ मध्ये: तिच्या 'इर्रेपेतिब्ले' अल्बमचा निर्माता चिरीनो आहे. मायामीचा ताल आणि तिचा आवाज एकत्र कसा बसतो ते तिथे ऐका.

सोळामात्रा

बांधणीकडे परत येतो, कारण ज्यांना हे वाजवायचंय त्यांच्या चुका ठरलेल्या असतात.

रॉक धाटणीचं कडवं आणि मोन्तुनो जोडताना पहिली अडचण मापांच्या संख्येची. क्लावे दोन मापांची आहे. कडव्यात सम संख्येनं मापं असतील, समजा १६, तर पुढचा भाग त्याच बाजूवर सुरू होतो. विषम झाली, समजा १७, तर पुढचा भाग उलट्या बाजूवर पडतो. हे हेतुपुरस्सर केलं तर उत्तम: ३-२ मधलं कडवं २-३ च्या मोन्तुनोत नेण्याची तीच रीत. क्लावे कधी उलटत नाही, ओळ उलटते. पण नकळत एखादं माप वाढलं तर बँडमध्ये अर्धे लोक एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला जातात. त्याला 'क्रुसादो' म्हणतात. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. उपाय साधा: पानावर प्रत्येक भागापुढे मापांची संख्या आणि क्लावेची बाजू लिहा.

दुसरी अडचण ड्रमसेट. रॉकचा ड्रमर २ आणि ४ वर स्नेअर जोरात मारतो. कोंगाचा स्लॅप दुसऱ्या ठोक्यावर असतो आणि उघडे दोन टोल चौथ्या ठोक्यावर व त्याच्या उत्तरार्धात. म्हणजे स्नेअर नेमका त्यांच्यावर बसतो आणि कोंगा नाहीशी होते. स्नेअर सोडून फक्त काठावरचा टिचका घ्या, आणि किक बासबरोबर चौथ्या खान्यावर ठेवा. झांज शक्यतो बंद, नाहीतर घंटा आणि झांज एकाच पट्टीत भांडतात.

वाद्यांबद्दल: कोंगा दोन घ्यायच्या तर साधारण पावणेबारा इंचांची कोंगा आणि साडेबारा इंचांची तुंबा. दोन्हींत 'सा-म' एवढं अंतर ठेवलं की टोल स्पष्ट येतात. कातडं सैल असेल तर स्लॅप 'थप' वाजतो. तो फट्‌कन फुटला पाहिजे. तिंबालेसची जोडी १४ आणि १५ इंचांची. लय सहसा मिनिटाला १६० ते २२० ठोके असते, पण सरावाची सुरुवात १०० पासून करा आणि त्या लयीत क्लावेवर टाळी देत कोऱ्याची ओळ न चुकता म्हणता आली तरच पुढे जा.

मृण्मयी_क

घंटेची खूण लगेच सापडली, धन्यवाद. आता गीतकार म्हणून कोणती गाणी त्याची स्वतःची आणि कोणती दुसऱ्यांची हे कुठे तपासायचं? गाण्यांच्या ॲपवर नावं अर्धवट असतात.

तबकडी

ॲपवर विसंबू नका. तिथे तीन घोळ असतात. एक, 'मोठी यशस्वी गाणी' छाप संकलनांवर संकलनाचं वर्ष दिसतं, मूळ अल्बमचं नाही, त्यामुळे सत्तरच्या दशकातलं गाणं दोन हजार नंतरचं वाटतं. दोन, थेट कार्यक्रमाची आवृत्ती आणि स्टुडिओची आवृत्ती एकाच नावानं असते. कालावधी पाहून वेगळी करा. तीन, सहलेखकाचं नाव गळतं.

गीतकाराचं नाव बीएमआय आणि ॲस्कॅप या अमेरिकन हक्कसंस्थांच्या खुल्या शोधयादीत तपासा. शोधताना नुसतं गाण्याचं नाव न देता गीतकाराचं नाव आणि आडनावही द्या, कारण 'सोय' नावाची गाणी ढिगानं आहेत. अल्बमची मूळ छपाई, तबकडीवरचा क्रमांक आणि वादकांची नावं डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूचं छायाचित्र असेल तेवढ्याच नोंदी पक्क्या धरा. सखोल काम करायचं असेल तर फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतला क्रिस्तोबाल दियास आयाला यांचा संग्रह आणि त्यांची क्युबन संगीताची ध्वनिमुद्रणसूची बघा. मायामी विद्यापीठाच्या क्युबन हेरिटेज कलेक्शनमध्ये निर्वासितांचे कागद आणि नियतकालिकं आहेत. बरंचसं घरबसल्या पाहता येतं.

अनुप्रास

ऐकण्याच्या क्रमाबद्दल माझं मत. 'नुएस्त्रो दिया'पासून सुरुवात करू नका. ते आधी ऐकलं की पुढचं सगळं त्याच्या सावलीत जातं. 'सोय' आधी, चिरीनोच्या आवाजात, आणि लगेच जिप्सी किंग्जचं. दोन्हींत गिटार आणि पियानो काय जागा घेतात ते ताडून पाहा. मग 'मिस्टर, डोन्ट टच द बनाना', चेष्टेखोर चालीचं. एक अमेरिकन पाहुणा सान्तेरियाच्या विधीत चांगो देवतेपुढे ठेवलेल्या केळ्याला हात लावायला जातो, एवढीच गोष्ट. पण आफ्रिकन मुळांचा क्युबन धर्म मायामीच्या दिवाणखान्यात कसा नांदत होता ते त्यात दिसतं. त्यानंतर 'ऑक्सिहेनो' अख्खा, क्रम न बदलता.

सोळामात्रा

आणि शेवटी 'सोन देल आल्मा'. १९९१ चा अल्बम आणि २००५ चा अल्बम लागोपाठ लावून फक्त बास आणि ड्रमसेट ऐका, हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर बासचा खालचा भाग येतच नाही, आणि सातव्या खान्यावरून पुढे ओढला जाणारा तो स्वर ऐकू आला नाही तर वर लिहिलेलं काहीच जागेवर बसणार नाही.

मृण्मयी_क

'सोय'ची कोऱ्याची ओळ २-३ वर बसते की ३-२ वर?

सोळामात्रा

मृण्मयी, उत्तर देत नाही, तुम्हीच टाळी लावून बघा. ॲपमध्ये वेग ०.७५ करा, ओळीचा पहिला शब्द कोणत्या खान्यावर पडतो ते लिहून काढा, आणि दोन्ही साचे त्याखाली मांडा. खाने इथे टाका, मग बोलू.